जुन्या कॅम्पर व्हॅनचा रेडिएटर आणि पंखे बदलताना

ठाण्यात जुनी कॅम्पर व्हॅन बाळगणाऱ्याला गाडीचे दुखणे लांबच्या प्रवासात कळतेच असे नाही. बहुधा ते संध्याकाळी सात वाजता, घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याहून कासारवडवलीकडे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असताना कळते. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटरचे बरेचसे काम करतो. तीच गाडी वाहतुकीत अडकली की सगळा भार पंख्यावर येतो, आणि पंखा, त्याभोवतीचे आवरण किंवा रेडिएटरची जाळी यांपैकी एकात जरी खोट असली, तरी तापमानाचा काटा हळूहळू लाल पट्टीकडे चढू लागतो.

माझी गाडी नव्वदच्या दशकातील टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मर्सिडीजच्या आराखड्यावर बेतलेले २.४ लिटरचे डिझेल इंजिन, आणि मागच्या भागात खाट, ओटा, पाण्याची टाकी व दुसरी बॅटरी. पुढील माहिती त्या गाडीवर काम करताना जमा झालेली आहे, परंतु इंजिन पुढे आणि रेडिएटर जाळीच्या मागे असलेल्या कोणत्याही जुन्या डिझेल कॅम्परला ती बहुतांशी लागू पडेल.

आधी दोष शोधावा

गाडी गरम होते म्हणून थेट नवा रेडिएटर आणणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक होय. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकली जाते आणि त्या वाटेवर वॉटर पंप, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), नळ्या, झाकण, रेडिएटर व पंखा असे अनेक टप्पे असतात. गरम होण्याची वेळ आणि जागा पाहिली की दोष कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो. केवळ उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीत काटा चढत असेल, तर संशय पंख्यावर आणि हवेच्या वाटेवर घ्यावा. महामार्गावर वेगात असताना किंवा चढावर काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून भरला आहे किंवा पाण्याचे अभिसरण कमी पडते आहे असे समजावे. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरची नळी दगडासारखी टणक होत असेल, झाकण उघडे ठेवल्यावर तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, किंवा डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर प्रश्न हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलचा आहे आणि तो सोडवल्याशिवाय नव्या रेडिएटरवर एक रुपयाही खर्च करू नये.

हातात धरायचा इन्फ्रारेड तापमापक येथे फार उपयोगी पडतो. इंजिन पूर्ण तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर वरपासून खालपर्यंत ओळीने तापमान पाहत जावे. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूच्या भागापेक्षा बराच थंड लागला, तर तेथील नळ्यांतून पाणी वाहत नाही असे समजावे. मात्र चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर हा तापमापक चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो, म्हणून तो काळ्या रबरी नळीवर किंवा रंगवलेल्या भागावर रोखावा.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडील अनेक गॅरेजांत गाडी गरम होते म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो "व्हॉल्व्ह काढून टाका, मुंबईत लागत नाही" हाच. माझ्या गाडीतूनही आधीच्या मालकाच्या मेस्त्रीने तो काढून टाकला होता, आणि मी दोन उन्हाळे रेडिएटरला दोष देत राहिलो. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटचा मागचा चकतीसारखा भाग बायपासची वाट (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा मार्ग) बंद करतो, त्यांत तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते. गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो आणि गाडी अधिकच तापते. ज्या इंजिनांत अशी रचना नाही त्यांत उलट घडते, म्हणजे इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, डिझेल अर्धवट जळते आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी तापमापक धरून तपासता येतो. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत तो ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो.

रेडिएटर: कोअर बदलावा की नवा आणावा

जुन्या गाड्यांचा मूळ रेडिएटर सहसा तांबे-पितळेचा असतो. त्याच्या वरच्या-खालच्या पितळी टाक्या डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या असतात, त्यामुळे टाक्या शाबूत असतील तर मधला कोअर, म्हणजे नळ्या आणि पत्र्याच्या घड्यांची जाळी, तेवढा नवा बसवता येतो. हा मार्ग मला नवख्यांसाठी सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण नळ्यांची तोंडे, कंसांची भोके आणि झाकणाची जागा सर्व काही मूळ राहते. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम करणारे कारागीर शोधावेत आणि केवळ मापे न सांगता जुना रेडिएटरच त्यांच्यापुढे नेऊन ठेवावा. ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर हलका असतो व उष्णताही उत्तम टाकतो. पण प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला प्रकार दाबून बसवलेला असतो, आणि तो प्रवासात फुटला तर शहापूर-इगतपुरीच्या रस्त्यावरील कोणीही त्याला डाग देऊ शकत नाही.

कारागीर "तीन ओळींऐवजी चार ओळींचा टाकू का" असे विचारील. जाड कोअर म्हणजे जास्त थंडावा हे नेहमीच खरे नसते. नळ्यांच्या ओळी वाढल्या आणि पत्र्याच्या घड्या दाट झाल्या की हवेला होणारा अडथळाही वाढतो. वेगात धावणाऱ्या गाडीला ते चालते, परंतु उभ्या गाडीत लहान विद्युत पंख्याला त्या जाडीतून हवा ओढणे जमत नाही. मूळ ओळींची संख्या कायम ठेवून दर्जेदार कोअर बसवावा आणि पैसे उरले तर ते पंख्याभोवतीच्या आवरणावर घालावेत, असे माझे मत आहे. काम झाल्यावर हवेच्या दाबाने पाण्याच्या हौदात बुडवून घेतलेली गळतीची चाचणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

झाकणही त्याच वेळी नवे घ्यावे. त्याचे काम धूळ रोखण्याचे नव्हे, तर दाब राखण्याचे आहे. ०.९ बार दाबाचे झाकण असेल तर आतील पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की ही सारी सवलत संपते. झाकणावर छापलेला आकडा मूळ आकड्याशी जुळला पाहिजे. जास्त दाबाचे झाकण लावल्यास जुन्या नळ्या आणि डाग उघडे पडतात.

उतरवण्याचे काम

इंजिन किमान तीन तास थंड होऊ द्यावे आणि गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही घाईत उघडू नये. गाडी सरकू नये म्हणून चाकांना उटी (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावाव्यात. त्यानंतर बॅटरीची ऋण तार काढावी, आणि येथे कॅम्परचा एक वेगळा धोका आहे: मागच्या बॅटरीची आणि छतावर सौर पॅनेल असल्यास त्याचीही जोडणी तोडावी, कारण दोन बॅटऱ्या जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) असलेल्या गाडीत एकच बॅटरी सुटी करून वीज पूर्ण बंद होत नाही.

कूलंट (रेडिएटर व इंजिनात फिरणारे, रसायन मिसळलेले पाणी) काढण्यासाठी खालची पितळी तोटी असते, पण जुन्या गाडीत ती क्षारांनी इतकी चिकटलेली असते की पक्कड लावून फिरवली तर तुटून हातात येते. अशा वेळी रुंद घमेले खाली ठेवून खालची नळीच सैल करावी. निघालेले कूलंट मोजावे. मालकपुस्तिकेतील क्षमतेपेक्षा ते दोन लिटर कमी भरले, तर ते कुठे गेले हे शोधणे बाकी आहे. हे पाणी सोसायटीच्या गटारात किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि पार्किंगमधील मांजरे-कुत्री ते चाटतात. ते झाकणबंद डब्यात भरून, वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजला तेथे विचारून द्यावे.

वर्षानुवर्षे चिकटलेली रबरी नळी पिळून ओढल्यास रेडिएटरचे पितळी तोंड वाकते किंवा त्याचा डाग उखडतो. नळ्या तशाही बदलायच्याच आहेत, म्हणून धारदार सुरीने तोंडावरच्या भागाला लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि ती केळीच्या सालीसारखी सोलून काढावी. खालच्या नळीच्या आत तारेची स्प्रिंग असेल, तर नव्या नळीतही ती असल्याची खात्री करावी. स्प्रिंग नसेल तर पंपाच्या ओढीने मऊ नळी आत चिकटते आणि पाण्याची वाट बंद होते.

रेडिएटर ज्या रबरी बुशांवर बसतो ते सुमार वाटणारे तुकडे फेकून देऊन सरळ लोखंडावर बोल्ट आवळण्याचा मोह टाळावा. भरलेल्या कॅम्परची चासी खड्ड्यांत पिळवटते, आणि रेडिएटर रबरावर तरंगता नसेल तर तो पीळ थेट त्याच्या सांध्यांवर येतो.

पंख्यांचा निर्णय

मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो आणि बेल्टवर फिरतो. त्याची पाती धड असतील, आवरण जागेवर असेल आणि बेल्ट ताठ असेल, तर केवळ विद्युत पंखे आधुनिक आहेत म्हणून तो काढू नये. त्याला ना फ्यूज लागतो ना रिले. माझ्या गाडीत मात्र दोन पात्यांना तडे गेले होते आणि आवरण कधीच गायब झालेले होते, म्हणून मी दहा इंची दोन विद्युत पंखे निवडले. सोळा इंची एका पंख्याचे क्षेत्रफळ दहा इंची दोन पंख्यांच्या एकत्रित क्षेत्रफळापेक्षा जास्त भरते हे खरे आहे, पण घाटात एकुलता पंखा बंद पडला तर काहीच हाती राहत नाही. दोनपैकी एक चालू असेल तर एसी बंद करून हळूहळू घरी येता येते.

यांत्रिक पंखा काढताना एक बारीकशी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पंखा आणि पुली एकाच बोल्टांनी आवळलेली असतात. पंख्याची जाडी निघून गेल्यावर तेच लांब बोल्ट परत लावले, तर ते भोकाच्या तळाला टेकतात आणि पुली सैलच राहते, जरी पाना घट्ट झाल्याचे सांगत असला तरी. पंख्याच्या जाडीइतके आखूड बोल्ट त्याच आट्यांचे आणावेत, किंवा तेवढ्या जाडीची चकती मध्ये घालावी.

पंखे इंजिनच्या बाजूला, म्हणजे हवा ओढणारे, बसवावेत. पुढून ढकलणारे पंखे वाऱ्याच्या वाटेत आडवे येतात. पंखे रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या काड्यांनी बांधण्याचे तयार संच मिळतात, ते घेऊ नयेत. इंजिनच्या कंपनांनी त्या काड्या करवतीसारखे काम करतात आणि काही महिन्यांत नळीला घासून छिद्र पाडतात. त्याऐवजी दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण करून घ्यावे, ज्याचे भार रेडिएटरच्या बाजूच्या कंसांवर येतील, आणि कोअर व पंख्याची पाती यांत किमान अडीच-तीन सेंटिमीटर अंतर राहील. आवरणामुळे पंखा केवळ स्वतःसमोरच्या गोलातून नव्हे, तर सबंध कोअरमधून हवा ओढतो. पत्र्याच्या कोपऱ्यांत झुलत्या रबरी पट्ट्यांची झापे ठेवावीत. पंखा चालू असताना ती ओढीने मिटतात, तर वेगात असताना वाऱ्याच्या दाबाने उघडतात आणि आवरणच अडथळा होत नाही.

याहून महत्त्वाचे आणि जवळजवळ फुकट असे काम म्हणजे रेडिएटरच्या भोवतीच्या फटी बुजवणे. हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटर आणि बॉडीच्या पत्र्यामध्ये तीन बोटे जाईल एवढी फट असेल, तर समोरचा वारा तेथून निसटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाकडची तापलेली हवा त्याच फटीतून पुढे येऊन पुन्हा रेडिएटरमध्ये ओढली जाते. सायकलची जुनी ट्यूब किंवा दाट फोमची पट्टी लावून या फटी बंद केल्यावर माझ्या गाडीत जो फरक पडला, तो पंख्यांनी पडलेल्या फरकापेक्षा कमी नव्हता. जाळीपुढे लटकवलेले जादा दिवे आणि सुटे चाकही त्याच वेळी दुसरीकडे हलवावे.

वायरिंग

८० वॅटचा एक पंखा १२ व्होल्टवर सुमारे पावणेसात अँपिअर घेतो, आणि सुरू होतानाच्या क्षणी याच्या दुप्पट-तिप्पट. हा प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून नेल्यास बटण वितळते. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले, स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्यावी. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ ला पंखा, ८५ व ८६ या दोन टोकांना आतल्या कॉइलची जोडणी. कॉइलचा पुरवठा चावीच्या स्विचवरून घ्यावा, म्हणजे रात्री मुक्कामी पंखे बॅटरी खात नाहीत. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या आधीची वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काहीच नसते.

ठरावीक तापमानाला पंखे आपोआप चालू-बंद करणारा स्विच निवडताना थर्मोस्टॅटचा आकडा विसरू नये. थर्मोस्टॅट ८० अंशांना उघडू लागत असेल आणि पंख्याचा स्विच ७५ अंशांचा बसवला, तर पंखे अहोरात्र चालत राहतील. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर स्विच असेल तर साधारण ९२ ते ९५ अंशांना सुरू आणि ८७ च्या आसपास बंद, असा स्विच योग्य ठरतो. जोडीला हाताने चालू करण्याचे बटण आणि रिलेच्या पुढच्या वायरवरून घेतलेला एक लहान दिवा डॅशबोर्डवर असावा.

पंख्यांचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे ऋण बाजूची जोडणी) रेडिएटरच्या पत्र्याला देऊ नये. तो चासीला किंवा थेट बॅटरीला द्यावा. रेडिएटरमधून वीज वाहू लागली की तो आतून कुरतडला जातो. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवून, पंखे व दिवे चालू असताना पाहावे, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर एखादा अर्थ सैल आहे.

दिशेची खात्री वहीच्या कागदाने होते. पंखा चालू करून कागद पुढच्या जाळीवर धरावा. तो चिकटून बसला पाहिजे. उडून गेला तर लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. उलटा फिरणारा पंखाही आवाज आणि वारा दोन्ही देतो, म्हणून केवळ तो फिरतो आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

भरणे आणि हवा काढणे

आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून अनेकजण नळाचे पाणी भरतात. कूलंट येथे लागते ते गंज रोखणाऱ्या द्रव्यांसाठी आणि उकळणबिंदू वाढवण्यासाठी. घोडबंदर पट्ट्यात कित्येक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी येते आणि त्यातील क्षार नव्या कोअरच्या नळ्यांत तसेच बसतात जसे गिझरच्या कॉइलवर बसतात. कूलंट आणि बॅटरीत घालायचे क्षारविरहित पाणी निम्मे-निम्मे मिसळावे, किंवा तयार मिश्रण आणावे. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत.

भरताना गाडीचे तोंड वर राहील अशी उभी करावी. सोसायटीच्या तळघरातून वर येणारा रॅम्प यासाठी उत्तम, फक्त हँडब्रेकवर विसंबू नये. हीटर असल्यास तो पूर्ण गरमवर ठेवावा. झाकण उघडे ठेवून इंजिन संथ चालू द्यावे आणि वरची नळी अधूनमधून दाबत राहावी. पंधरा-वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग वरची नळी हाताला एकदम गरम लागते, तोंडातील पातळी गडप झाल्यासारखी खाली जाते आणि दोन-तीन मोठे बुडबुडे येतात. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण आहे. पातळी पुन्हा भरावी, बुडबुडे थांबले की झाकण लावावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर परत पाहावे; बहुधा अर्धा-एक लिटर आणखी मावते.

चाचणी

पहिली चाचणी जागेवर: एसी लावून अर्धा तास इंजिन चालू ठेवावे आणि पंखे किती अंशांना सुरू व बंद होतात ते लिहून घ्यावे. दुसरी गायमुखच्या चढावर, शक्यतो दुपारी. या दोन्ही उत्तीर्ण झाल्यावरच भरलेल्या टाकीनिशी कसारा घाट गाठावा, कारण ट्रेलरच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार पूर्ण आणि समोरचा वारा जवळजवळ शून्य असतो. काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि बाजूला थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता किंचित वाढीव वेगावर दोन-चार मिनिटे फिरू द्यावे. पाणी गळत असेल तर मात्र ते तत्काळ बंद करावे.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सर्व क्लिपा थंड इंजिनवर पुन्हा आवळाव्यात, कारण नवे रबर बसते. गाडीत एक बेल्ट, दोन रिले, मूठभर फ्यूज आणि पाच लिटर मिश्रण कायम असावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाण्याआधी पंख्यांचे बटण बंद करता येईल अशी सोय ठेवावी, नाहीतर पाण्यात अडकलेली पाती वाकून नव्या कोअरवर घासतात. पावसाळा सरल्यावर जाळीत अडकलेले किडे आणि चिखल इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या बागेच्या नळीने धुवावेत. वॉशिंग सेंटरमधील दाबाचा फवारा तांब्याच्या पातळ घड्या आडव्या पाडतो, आणि त्या एकेक करून चिमट्याने उभ्या करण्यात माझा एक सबंध रविवार गेला आहे.